शेंबूड हिरवा झाला म्हणून कपाट उघडू नका

पत्र : ताई, माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. चार दिवसांपूर्वी त्याला सर्दी झाली, अंग जरा कोमट होतं. डॉक्टरांनी तपासलं, "व्हायरल आहे, आपोआप जाईल" म्हणाले आणि अँटिबायोटिक दिलंच नाही. काल सकाळपासून शेंबूड पिवळा-हिरवा येतोय. नणंद म्हणते, इन्फेक्शन छातीत उतरायच्या आत गोळ्या सुरू कर. मागे त्याच्या घशाला इन्फेक्शन झालं होतं, तेव्हाच्या चार गोळ्या कपाटात शिल्लक आहेत. यजमान बरोबर दुसऱ्या टोकाला. त्यांच्या मते अँटिबायोटिक म्हणजे विष, पोराला कधीच द्यायचं नाही. आणि दिवसातून तीनदा घर जंतुनाशकानं पुसून काढतायत. त्यात मुलानं विचारलं, "आई, व्हायरस जिवंत असतो का गं?" मला सांगता आलं नाही. खरं कोणाचं धरायचं?
— दोघांच्या मध्ये सापडलेली आई

उत्तर :

सगळ्यात आधी ते पाकीट. त्यातली एकही गोळी मुलाला देऊ नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आता तो हिरवा रंग, कारण तुमची झोप त्यानंच उडवलेली दिसते. सर्दीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत नाकातून नुसतं पाणी गळतं. मग शरीर त्या जागी पांढऱ्या पेशींची कुमक पाठवतं. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशींच्या पोटात मायलोपेरॉक्सिडेज हे एक विकर, म्हणजे एन्झाइम, ठासून भरलेलं असतं. त्यात लोह असतं, आणि ते रंगानं चक्क हिरवं असतं. या पेशी लढून मेल्या, फुटल्या, की तो हिरवा रंग शेंबडात उतरतो. रात्रभर नाकात साचून राहिलं म्हणून सकाळचा शेंबूड अधिक गडद. म्हणजे रंग आहे तो तुमच्या लेकाच्या स्वतःच्या शिपायांचा, जंतूंचा नव्हे. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे होतंच. तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आधीच "आपोआप जाईल" सांगून ठेवलं. दोन वाक्यं जास्त बोलले असते तर तुमचं पत्र आलं नसतं, पण तो वेगळा विषय.

डॉक्टरांकडे परत कधी जायचं तेही इथेच सांगते. श्वास जोरजोरात चालतोय, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, पाणीसुद्धा पीत नाही, गुंगीत पडून राहतो, यांतलं काहीही दिसलं तर लगेच. कान ठणकायला लागला, ताप तीन दिवसांहून जास्त टिकला, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा ताप चढला, तरीही. आणि दहा दिवस उलटून गेले तरी सर्दीत काडीचाही उतार नसेल, तर. नुसता खोकला मागे रेंगाळला तर घाबरू नका, तो दोन-तीन आठवडेसुद्धा राहतो. आणखी एक : तापासाठी ॲस्पिरिन मुलाला देऊ नका. विषाणूच्या आजारात लहान मुलांना ते दिल्यानं, क्वचित का होईना, मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होते.

आता तुमच्या घरातल्या भांडणाकडे. नणंद आणि यजमान दोघेही एकाच शब्दानं फसले आहेत, आणि तो शब्द म्हणजे "जंतू". आपण सगळ्यालाच जंतू म्हणतो, आणि मग सगळ्या जंतूंना एकच औषध लागू पडेल असं वाटायला लागतं. खरं तर आपल्या भाषेनं हे कधीच वेगळं करून ठेवलंय. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, विषाणू म्हणजे व्हायरस. एकाच्या नावात जीव आहे आणि दुसऱ्याच्या नावात तो नाही. तुमच्या मुलाचा प्रश्न या दोन शब्दांमध्येच दडलेला आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

आधी आकार बघू, कारण तो कळल्याशिवाय बाकीचं डोक्यात बसत नाही. सर्दीचा सगळ्यांत नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. तो साधारण 30 नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे तेहतीस हजार ओळीनं बसतील. समजा, हा विषाणू फुगवून खेळायच्या गोटीएवढा केला. त्याच पटीत आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू मीटरभर लांबीचा होईल, आपली एखादी पेशी दहा मीटर रुंदीच्या घराएवढी, आणि तुमचा मुलगा सातशे किलोमीटरहून उंच. म्हणजे गोटी आणि घर. जिवाणू हॉलंडच्या लेव्हेनहूकनं हातानं घासलेल्या भिंगातून 1676 मध्ये पाहिले, पुढे स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून त्यातही पाहिले. विषाणू माणसाच्या डोळ्यांना दिसायला मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला, आणि ते घडलं 1930 च्या दशकाच्या अखेरीस.

पण नुसत्या लहान-मोठेपणावर जाऊ नका, खरा फरक राहणीतला आहे. जिवाणूचा स्वतःचा प्रपंच असतो. एकाच पेशीचा, एकाच खोलीतला, पण पूर्ण. बाहेर भिंत, आत पातळ पडदा, त्याच्या आत पातळसर रस आणि त्यात प्रथिनं बनवणारी हजारो यंत्रं, म्हणजे रायबोझोम. ई. कोलायचा डीएनए हा एक बंद गोफ असतो, त्यात 46 लाख अक्षरं आणि साधारण 4,300 जनुकं. तो गोफ उलगडून सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल, आणि तो कोंबलेला असतो दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) देहात, म्हणजे स्वतःच्या सातशे-आठशे पट लांबीचा दोरा पोटात घेऊन हा जीव पोहत असतो. हो, पोहतो. मागे शेपटासारखे धागे असतात, ते मुळाशी असलेल्या मोटरीनं गरगर फिरतात आणि जिकडे खाणं तिकडे हा निघतो. बाहेरून अन्न घेतो, त्यातून शक्ती काढतो, घाण बाहेर टाकतो, अंगानं वाढतो आणि मग मधोमध चिरून एकाचे दोन होतो. सगळं मनासारखं असेल तर दर वीस मिनिटांनी.

विषाणूकडे यातलं काहीही नाही. ऱ्हायनोव्हायरसचं सगळं भांडवल म्हणजे आरएनएची एक चिठ्ठी, साधारण 7,200 अक्षरांची, आणि तिच्याभोवती प्रथिनांचं कवच. चार प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाचे साठ नग, चेंडूवर ठिगळं शिवावीत तशी एकमेकांत बसवलेली. संपलं. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही, हलत नाही. टेबलावर पडलेला विषाणू म्हणजे कोणी न वाचलेलं पत्र.

मग आजार कसा होतो? आयत्या बिळावर नागोबा! हात नाकाला लागला, विषाणू नाकाच्या आतल्या अस्तरावर पोचला. तिथल्या पेशींच्या बाहेर आयकॅम-1 नावाचं प्रथिन असतं. पांढऱ्या पेशींना जागेवर धरून राहायला ते उपयोगी पडतं, विषाणूसाठी ते काही बनलेलं नाही. पण बहुतेक ऱ्हायनोव्हायरसच्या कवचावर जी खाच असते, ती याच प्रथिनावर नेमकी बसते. पेशी त्याला आपलाच माल समजून आत घेते, कवच उघडतं आणि चिठ्ठी बाहेर पडते. आता पेशीचे रायबोझोम काही विचारत नाहीत, की ही चिठ्ठी कोणाची. समोर आली, वाचली, काम सुरू. त्यातून प्रथिनाची एक लांबच लांब माळ तयार होते. त्या माळेतच कात्रीचं काम करणारे तुकडे असतात, ते माळेचे अकरा तुकडे करतात. काही कवचाचे, काही चिठ्ठीच्या नकला काढायचे. काही तासांत त्या एका पेशीत नवे विषाणू भरतात, पेशी कामातून जाते आणि तो माल शेजारच्या पेशींवर जाऊन धडकतो. गंमत म्हणजे हा सगळा उद्योग नाकातल्या जरा गारव्यात, 33 अंशांच्या आसपास, जास्त चांगला चालतो. म्हणून सर्दीचं ठाणं मुख्यतः नाकात.

एवढं डोळ्यांसमोर आलं, की नणंदबाईंच्या गोळीचं काय होतं ते आपोआप कळतं.

पेनिसिलिनचं उदाहरण घ्या. 1928 मध्ये फ्लेमिंग या शास्त्रज्ञाच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्या आजूबाजूचे जिवाणू विरघळून गेले, ते हेच. जिवाणूच्या आत रसाचा दाब प्रचंड असतो, भिंत आहे म्हणून तो फुटत नाही. ही भिंत जाळीची असते. वाढताना जिवाणू जुने टाके उसवतो, मध्ये नवे धागे घालतो आणि पुन्हा टाके घालतो. टाके घालणारं जे विकर आहे, त्याच्या हातात पेनिसिलिन जाऊन अडकतं. उसवणं चालू राहतं, शिवणं बंद पडतं. मायक्रोस्कोपखाली हे बघण्यासारखं असतं. काडीसारखा सरळ जिवाणू मध्येच एका बाजूनं फुगतो, गळू यावं तसा, आणि थोड्या वेळानं तिथे फक्त एक फिकट सावली उरते. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून हे औषध आपल्याला सोसतं. दुसरी काही अँटिबायोटिकं जिवाणूच्या रायबोझोममध्ये खुंटी मारतात. जिवाणूचे रायबोझोम आपल्याहून घडणीत वेगळे असतात, म्हणून तिथेही आपण वाचतो. सगळी विद्या या "वेगळं असण्यावर" चालते.

आता सांगा, विषाणूच्या कुठे मारायचं? भिंत नाही. रायबोझोम आपलेच वापरतो. कारखाना बंद पाडायचा तर तो कारखाना तुमच्या लेकाच्या नाकातला आहे. म्हणून सर्दीवर अँटिबायोटिक कमी पडतं असं नाही, तर त्याला तिथे करण्यासारखं कामच नसतं. विषाणूंवर औषधं आहेत, पण प्रत्येक औषध त्या-त्या विषाणूच्या स्वतःच्या एखाद्या खास अवजारावर बेतलेलं असतं. नागिणीच्या विषाणूवरचं असायक्लोव्हिर फ्लूला चालत नाही आणि फ्लूवरचं नागिणीला नाही. साध्या सर्दीवर अजून असं काही हाती नाही. तिचा बंदोबस्त शरीरच करतं. गळणारं नाक, शिंका, घशाची खवखव हा बराचसा त्या बंदोबस्ताचाच गोंधळ असतो.

आणि गोळी दिली तर नुसती वाया जाते असंही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी होते. आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची भली मोठी वस्ती आहे. 2016 मध्ये नव्यानं मांडलेल्या हिशोबानुसार एका प्रौढ माणसात साधारण 38 लाख कोटी जिवाणू आणि त्याच्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटी. सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. ते आपल्याला न पचलेल्या चोथ्यातून काहीबाही काढून देतात, थोडं के जीवनसत्त्व बनवतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, त्यामुळे बाहेरच्या उपद्रवी जिवाणूंना पाय ठेवायला फट सापडत नाही. मी शिकत असताना परीक्षेच्या तोंडावर सर्दी झाली म्हणून शहाणपणानं खोलीतल्या मैत्रिणीच्या उरलेल्या कॅप्सूल घेतल्या होत्या. सूक्ष्मजीवशास्त्राचा पेपर होता, बरं का! सर्दी तिच्या वेळेनंच गेली. पोट मात्र तीन दिवस असं बिघडलं, की पेपर अर्ध्यात सोडून उठावं लागलं.

आता "वारंवार घेतलं की शरीराला सवय होते" हे वाक्य. तुमच्या यजमानांच्या भीतीत ते कुठेतरी असणार. शरीराला सवय होत नाही. बदलतात ते जिवाणू, आणि तेही सवयीनं नाही. एका जिवाणूपासून वीस मिनिटांच्या हिशोबानं आठ तासांत 1 कोटी 67 लाख होतात. एवढ्या वेळा डीएनएची नक्कल काढताना कुठेतरी चूक होणारच. बहुतेक चुका फुकट जातात. एखादीनं मात्र नेमका त्या औषधाचा दात बोथट होतो. औषध यायच्या आधीच असा एखादा जिवाणू गर्दीत हजर असतो, हे लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी 1943 मध्ये दाखवून दिलं. त्यांनी वापरला होता जिवाणूंना मारणारा विषाणू, पण न्याय तोच. मग औषध येतं, बाकीचे मरतात आणि मोकळं रान या एकाला मिळतं. वर आणखी एक भानगड. जिवाणू हे गुण फक्त पोराबाळांना देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. दोघांमध्ये नळी जोडली जाते आणि डीएनएचं एक छोटं कडं, प्लाझ्मिड, एकाकडून दुसऱ्याकडे जातं. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी अनेकदा चालतं. पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूनं शिकलेली युक्ती उद्या उपद्रवी जिवाणूच्या हाती लागते ती अशी. म्हणून सर्दीसाठी घेतलेली गोळी सर्दीच्या विषाणूला नाही, पण पोटातल्या वस्तीला नको ते शिकवून जाते.

यजमानांना मात्र एवढं जरूर सांगा, की अँटिबायोटिक विष नाही. घशाच्या ज्या इन्फेक्शनसाठी मागे ती गोळी दिली होती, ते स्ट्रेप्टोकॉकसचं असेल तर देणं योग्यच होतं. घसा कदाचित गोळीशिवायही बरा झाला असता, पण काही मुलांत त्या जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती नंतर चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. त्याला संधिवाताचा ताप म्हणतात, आणि पेनिसिलिनचा दहा दिवसांचा कोर्स तो टाळण्यासाठी असतो. न्यूमोनिया, मेंदूज्वर, क्षय, विषमज्वर यांत जिवाणू असताना "आमच्याकडे अँटिबायोटिक चालत नाही" म्हणणं म्हणजे जिवाशी खेळ. प्रश्न आहे तो गोळीच्या पत्त्याचा : कोणासाठी लिहिलीय आणि कोणाला देतोय.

म्हणूनच त्या चार गोळ्या शिल्लक कशा राहिल्या, हे मला तुम्हाला विचारायचंय. मूल खेळायला लागलं म्हणून तुम्ही थांबवल्या असणार. बहुतेक घरांत हेच होतं. कोर्स किती दिवसांचा हे आजारावर ठरतं, कधी तीन दिवस, कधी दहा. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, दुखणं कमी झालं म्हणून आपण नाही. आता त्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत घेतात का विचारा. संडासात टाकून पाणी ओतू नका, सांडपाण्यातले जिवाणू त्यावर तालीम करतात.

पुसापुशीबद्दल थोडक्यात. तीन वेळा जंतुनाशकानं फरशी पुसणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. सर्दी फरशीवरून चढत नाही. ती शिंकेच्या तुषारांतून, हवेतून आणि हातांतून येते. तेव्हा फडकं खाली ठेवा, हात धुवा. इथेही विषाणू-विषाणूंत फरक आहे. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंना कवचावर चरबीचं एक पांघरूण असतं. साबण ते विरघळवतो आणि विषाणू उघडा पडून मोडतो. ऱ्हायनोव्हायरसला असं पांघरूणच नाही, त्यामुळे अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर तितकंसं चालत नाही. साबण लावून वीस सेकंद चोळलं, की तो मरत नसला तरी निसटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. आपलं काम झालं. खिडक्या उघड्या ठेवा, शिंकताना कोपर तोंडावर धरायला सांगा. आणि सर्दीवर लस का नाही, असं कोणी विचारलं तर सांगा, की ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाची ओळख पटली म्हणून दुसरा ओळखू येत नाही.

आता मुलाचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत आवडलेलं वाक्य. यावर मोठमोठे लोक भांडले आहेत, त्यामुळे तुम्हाला सांगता आलं नाही यात लाज वाटायचं काही नाही.

त्याला ही गोष्ट सांगा. तंबाखूच्या रोपांना एक रोग होतो, पानांवर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उमटते. 1892 मध्ये रशियात इव्हानोव्स्कीनं रोगट पानांचा रस चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीत जिवाणू अडकतात, हे तेव्हा माहीत होतं. तरी गाळलेल्या रसानं निरोगी रोपाला रोग झाला. इव्हानोव्स्कीला वाटलं, जिवाणूंचं काही विष त्यात उतरलं असेल, किंवा गाळणीच सदोष असेल. 1898 मध्ये हॉलंडमध्ये बायरिंकनं तेच केलं आणि एक पाऊल पुढे गेला. रसाचा थेंब एका रोपाला, त्या रोपाच्या रसाचा थेंब दुसऱ्याला, त्याचा तिसऱ्याला. विष असतं तर दर खेपेला पातळ होत होत संपलं असतं. हे संपेना. म्हणजे ते रोपात शिरून वाढतंय! पण नुसत्या बशीत ठेवलं तर वाढत नाही, जिवंत पेशीतच वाढतं. त्यानं त्याला "जिवंत संसर्गी द्रव" म्हटलं.

असं वाढणं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तुमच्या मुलाला ते दाखवता आलं असतं तर मला फार आवडलं असतं. लॅबमध्ये बशीत आगरचा, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीचा, थर असतो, त्यावर जिवाणू पसरले की दुसऱ्या दिवशी काचेवर वाफ धरावी तसा एकसारखा धुरकट थर दिसतो. एका बशीत औषधाची चकती ठेवायची. तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, तिथले जिवाणू मेले. दुसऱ्या बशीत जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचे चार थेंब मिसळायचे. हो, जिवाणूंनाही विषाणू होतात, त्यांना फाज म्हणतात. सकाळी धुरकट थरावर टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं दिसतात. दोन्ही बशांत जागा रिकामीच. पण औषधाच्या वर्तुळाला सुई टेकवून ती तिसऱ्या बशीला लावली, मग चौथीला, तर दोन खेपांत परिणाम नाहीसा होतो. फाजच्या भोकाला टेकवलेली सुई शंभराव्या बशीतही भोकं पाडते.

मग जिवंतच की, असं म्हणावं तर 1935 साल आडवं येतं. स्टॅन्ली नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं त्याच तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक करून दाखवले. सुईसारखे चमकणारे, बाटलीत ठेवता येणारे. जिवंत प्राण्याचे कोणी स्फटिक करतं का? पण तेच स्फटिक पाण्यात विरघळवून पानावर चोळले, की रोग हजर. त्याला 1946 मध्ये यासाठी नोबेल पारितोषिकातला वाटा मिळाला, तोही रसायनशास्त्राच्या.

मुलगा हुशार दिसतो, तो लगेच म्हणेल, मग बीसारखं आहे का? कोरडं पडलेलं, पाणी मिळालं की उगवणारं? नाही. बीच्या आत तिच्या स्वतःच्या पेशी आहेत, स्वतःची शिदोरी आहे, ती मंदपणे का होईना स्वतः श्वास घेते. विषाणूला पेशीबाहेर तेवढंही नाही. मला स्वतःला असं वाटतं, की पेशीबाहेरचा विषाणू ही वस्तू आहे आणि विषाणू शिरलेली पेशी ही जिवंत आहे, फक्त ती आता स्वतःसाठी जगत नाही. वर्गातल्या पेपरात प्रश्न आला तर मात्र त्यानं "सजीव आणि निर्जीव यांच्या सीमेवर" असं लिहावं, गुण त्यालाच मिळतात.

त्याचं नाक मोकळं झालं की हे उत्तर त्याला वाचायला द्या. माझं म्हणणं पटलं नाही तर त्यानं मला थेट लिहावं. तुमच्यामार्फत नको, तुम्ही आधीच दोघांच्या मध्ये आहात.